पा लमाईच्या स्वयंपाकघरात

पा लमाईनं कढईतून चमचाभर कालवण काढलं, त्यावर फुंकर घातली आणि चमचा माझ्या बायकोच्या तोंडापाशी नेला. प्रभा इतक्या झटक्यानं मागे सरकली की पाठीमागच्या मांडणीवरच्या थाळ्या खणखणल्या. पा लमाईला वाटलं, गरम असेल म्हणून घाबरली. तिनं पुन्हा फुंकर घालून चमचा पुढे केला. प्रभानं पदरानं तोंड झाकलं आणि मानेनंच नाही म्हटलं.

नुकतं उजाडत होतं. थायलंडमधल्या फेचबुरी नावाच्या गावात, नदीकाठच्या एका खानावळीच्या मागच्या अंगाला आम्ही उभे होतो. आम्ही म्हणजे मी, प्रभा आणि आमची तेजू. तेजूला त्यांची भाषा बऱ्यापैकी यायची. पा म्हणजे मोठी मावशी, हेही तिनंच आम्हाला शिकवलं होतं. पा लमाई ही तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची मावशी. साठीच्या पुढची, बुटकी, दंडानं भक्कम, केसांना पिवळं फडकं बांधलेलं.

"तिला सांग, मी रांधताना चाखत नाही," प्रभा तेजूला म्हणाली. "उष्टं होतं."

उष्टं ही गोष्ट त्या भाषेत सांगायची म्हणजे तेजूची परीक्षाच होती. तिनं हातवारे केले, देव दाखवला, ताट दाखवलं, ताटाभोवती पाणी फिरवून दाखवलं. पा लमाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग काहीतरी विचारलं. तेजू जरा घुटमळली.

"ती म्हणतेय, मग देवाला कसं लागलं ते तुला कळतं कसं?"

पा लमाईनं कोपऱ्यातल्या झाकलेल्या भांड्यांकडे बोट केलं. पातेल्यातला पहिला वाफाळता भात तिनं आधीच वेगळा काढून ठेवला होता. थोड्या वेळात रस्त्यानं भगव्या वस्त्रातले भिक्खू अनवाणी येणार होते, त्यांच्या पात्रात घालायला. तिचं म्हणणं असं होतं की, जो माणूस तोंडानं काही मागत नाही, मिळेल ते खातो, त्याला न चाखता द्यायचं तरी कसं. बेचव निघालं तर तो बिचारा सांगणारही नाही.

असं म्हणून तिनं तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला, डोळे मिटले, आणि कढईत आणखी थोडा चिंचेचा कोळ ओतला.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. पण त्या सकाळी तिथं जे झालं ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

कराडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमची खानावळ आहे. शेडग्यांची खानावळ म्हटलं की कुणीही रिक्षावाला आणून सोडतो. कॉलेजची पोरं, बदलून आलेले बँकवाले, कोर्टातले कारकून अशी आमची गिऱ्हाइकं. बाजारहाट आणि वाढणं माझ्याकडे, आतलं सगळं प्रभाकडे. ती लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईनं तिला आधी ही शिस्त लावली, की नैवेद्य दाखवल्याशिवाय पळी जिभेला लावायची नाही. आणि खानावळीत रोजच नैवेद्य असायचा. त्यामुळे प्रभानं आयुष्यभर जे रांधलं ते नाकावर. मसाला किती भाजला, कांदा कुठवर आला, आमटीला उकळी फुटली की नुसतीच वाफ आहे, सगळं तिला वासानं कळायचं. बाहेर पोरांशी बोलत उभी असली तरी तिथूनच आत ओरडून सांगायची की खोबरं खाली घ्या, आता लागेल. आणि ते खरंच लागायच्या बेतात असायचं.

तेजू नोकरीनिमित्त बँकॉकला गेली तेव्हापासून आम्हाला बोलवत होती. प्रभा दरवेळी एकच सांगायची, की पोरांच्या जेवणाचं काय. त्या साली मात्र दिवाळी झाल्यावर ती आपणहून म्हणाली, "जाऊन येऊ या तेजूकडे. पंधरा दिवस बंद ठेवू." आमची खानावळ माझी आई गेली तेव्हासुद्धा इतके दिवस बंद नव्हती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती. मी पोरांना दुसरी सोय बघायला सांगितली.

बँकॉकमध्ये तेजूनं आम्हाला खायला घालायचा चंगच बांधला होता. आधी ती आम्हाला आपल्याकडच्या जेवणाच्या हॉटेलांत घेऊन गेली. तिथलं पनीर आणि नान बघून प्रभा म्हणाली, चांगलं आहे. मग ती आम्हाला रस्त्यावरच्या गाड्यांवर न्यायला लागली. तिथं मला खरी मजा वाटली. नूडल्सचा वाडगा समोर आला की टेबलावरच चार बरण्या ठेवलेल्या असायच्या. साखर, मिरचीची पूड, मिरच्या घातलेलं व्हिनेगर आणि माशाचं खारं पाणी. ज्याला जसं हवं तसं त्यानं घालून घ्यायचं. आमच्याकडे कुणी ताटात वरून मीठ मागितलं तर प्रभाचा चेहरा पडायचा. इथं वाडगा रांधणारी बाई समोर उभी, आणि गिऱ्हाईक तिच्या डोळ्यांदेखत दोन चमचे साखर टाकतंय, आणि तिला त्याचं काहीच वाटत नाहीये. मी हे प्रभाला दाखवलं. ती म्हणाली, चांगलं आहे.

ती सगळ्यालाच चांगलं आहे म्हणत होती आणि निम्मं टाकत होती. एकदा त्यांनी तव्यावर चिकनबरोबर मूठभर पानं परतून दिली. प्रभानं एक पान चमच्यानं उचलून निरखलं आणि माझ्या पुढ्यात धरलं. "अहो, ही तुळस आहे," ती म्हणाली. खरोखर तुळसच होती, अगदी आमच्या वृंदावनातली. तिनं एकेक पान वेचून ताटलीच्या कडेला नीट रचून ठेवलं आणि बाकीचं खाल्लं. तेजूला हसू आवरेना. पण घरी आल्यावर स्वयंपाकघरात मला एकटं गाठून तिनं विचारलं, "बाबा, आईचं काय बिनसलंय? तिला इथं काहीच आवडत नाहीये का?" मी म्हणालो, दगदगीनं होत असेल.

तेव्हा तिनं आपल्या मैत्रिणीला विचारून फेचबुरीचा बेत ठरवला. आईला खानावळच दाखवू, म्हणाली. खानावळीतल्या माणसाला हॉटेलात काय आवडणार.

शहर मागे पडल्यावर आधी मिठागरं लागली, पांढरे ढीग घातलेली. मग ताडाची झाडं, आणि त्यांच्या रसाचा गूळ रटरटणाऱ्या भट्ट्या. मग लिंबांचे ढीग लावून बसलेल्या बाया. तेजूनं सांगितलं, हा मुलूख तीन चवींसाठी ओळखला जातो. खारट, गोड, आंबट. तिन्ही इथल्याच मातीतून येतात.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारची गर्दी ओसरली होती. पुढच्या लांबलचक टेबलावर झाकलेल्या पातेल्यांची ओळ होती. गिऱ्हाइकानं यायचं, स्वतः झाकणं उघडून बघायची, आणि जे मनाला येईल त्याकडे बोट दाखवायचं. प्रभा त्या ओळीपाशी थांबली आणि एकेक झाकण उचलून आत बघायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तेवढ्यात आतून पा लमाई हात पुसत आली आणि नमस्काराच्याही आधी तिनं एक प्रश्न विचारला.

"काय म्हणाली?" मी तेजूला विचारलं.

"जेवलात का, म्हणाली. इथं भेटल्यावर हेच विचारतात."

"आपल्यासारखंच की," प्रभा म्हणाली, आणि हसली.

जेवण मागच्या बाजूला, नदीकडच्या ओट्यावर होतं. पा लमाई, तिचा नवरा प्रयून, आणि आम्ही तिघं. काटकुळ्या अंगाचा, कमी बोलणारा तो माणूस दुकानाची पुढची बाजू सांभाळायचा, मी आमची सांभाळतो तशीच. प्रत्येकाच्या पुढ्यात फक्त भाताची ताटली. बाकी सगळं मधोमध. चिंचेचं लालभडक माशाचं कालवण, कोवळ्या ताडफळाचं नारळाच्या दुधातलं दुसरं, सुकटीच्या मसाल्याचा ठेचा आणि त्याच्याभोवती कच्च्या काकड्या, उकडलेल्या शेंगा. मी आपल्या सवयीनं सगळं थोडंथोडं ताटलीत वाढून घ्यायला लागलो तर तेजूनं टेबलाखालून माझा पाय दाबला. एका वेळी एकाच पदार्थाचा एकच चमचा घ्यायचा. तो भाताबरोबर संपवायचा, मग दुसरा. ताटली भरून घेतली तर समोरच्यांना वाटतं, ह्याला आपल्यासोबत जेवायचं नाही, ह्याला उरकायचंय.

मग मी चमचा खाली ठेवला. पण तरी कुणी सुरुवात करेना. पा लमाई प्रभाकडे बघत होती, प्रयून प्रभाकडे बघत होता, आणि प्रभा, जी उभ्या आयुष्यात सगळ्यांचं झाल्याशिवाय जेवली नव्हती, ती त्यांचं सुरू व्हायची वाट बघत हात मांडीवर घेऊन बसली होती. कालवणाची वाफ विरायला लागली. शेवटी पा लमाईनं माशाचा पोटाकडचा सगळ्यात चांगला तुकडा काढला, काटे बघितले, आणि तो प्रभाच्या भातावर ठेवला. प्रभानं खाल्लं. तेव्हा कुठं सगळे जेवायला लागले.

"चांगलं आहे," प्रभा म्हणाली.

पा लमाई ते ऐकून तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग तिनं तेजूला सांगितलं, की तुझ्या आईच्या हातांवरूनच कळतं, ती रांधणारी आहे, उद्या पहाटे तिला माझ्याकडे पाठव. प्रभा आधी नको म्हणाली. मग त्या झाकलेल्या पातेल्यांकडे वळून बघितलं आणि म्हणाली, बरं.

तर अशी ती सकाळ उजाडली होती, आणि चमच्याचा तो प्रकार होऊन गेला होता. पा लमाईनं त्यावरून आग्रह धरला नाही. तिनं प्रभाच्या पुढ्यात दगडी खल ठेवला आणि बत्ता हातात दिला. इथं प्रभाला काही शिकवावं लागलं नाही. सुक्या मिरच्या, मीठ, लसूण, छोटे लाल कांदे ह्या क्रमानं ती कुटत गेली, आणि पा लमाई पाठमोरी उभी राहून नुसत्या आवाजावरून मान डोलवत होती. मधूनच प्रयून आत यायचा. पा लमाई त्याला पातेल्यातला एक चमचा द्यायची. तो चाखायचा, एखादा शब्द बोलायचा, आणि ती मुकाट्यानं त्याप्रमाणे लिंबू पिळायची किंवा गूळ टाकायची. त्याचा होकार मिळाल्याशिवाय एकही पातेलं पुढं जात नव्हतं. प्रभानं हे टिपलं. तेजूकरवी विचारलं, की रांधणार तू आणि ठरवणार ते, असं का. पा लमाईला ह्यात विचारण्यासारखं काही आहे हेच आधी कळलं नाही. मग म्हणाली, की पहाटेपासून मिरच्या कुटून आणि दहा पातेली चाखून माझी जीभ दमते, दमलेली जीभ खोटं बोलायला लागते. त्याची ताजी असते.

त्यानंतर तिनं सुकटीच्या मसाल्याचा गोळा केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवला. मी कोकणातली सुकट खाल्लेली आहे, पण तो वास काही औरच होता. पान तडतडलं आणि असा दर्प सुटला की तेजूनं नाकाला ओढणी लावली, मी दारापर्यंत मागे गेलो. प्रभा मात्र शेगडीवर पुरती वाकून, पान कुठवर करपलंय ते शांतपणे बघत होती.

पा लमाई हसली. हिला आवडतो, असं काहीतरी म्हणाली. आणि मग हसता हसताच थांबली.

तिनं टोपलीतून एक लिंबाचं पान घेतलं, दोन पानं एकाला एक जोडल्यासारखं दिसणारं. ते चुरगळलं. मला दारातसुद्धा त्याचा वास आला, इतका लख्ख. तिनं तो चुरा प्रभाच्या नाकाशी धरला. प्रभा म्हणाली, चांगलं आहे. पा लमाईनं मग दुसऱ्या हातात कोळशाचा तुकडा घेतला आणि तोही तसाच नाकाशी धरला. प्रभानं डोळे खाली घातले.

पा लमाई तेजूकडे वळून हलक्या आवाजात काही बोलली. तेजूचा चेहरा उतरला.

"आई, ती म्हणतेय तुला वास येत नाही."

खलाच्या कडेला चिकटलेला मसाला प्रभानं बोटानं निपटला.

"आषाढापासून," ती म्हणाली. "तो ताप आला होता ना, तेव्हापासून. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. गेली नाही. काही खाल्लं तरी माती खाल्ल्यासारखं. दूध उतू जातं, मी शेजारी बसलेली असते. फोडणी जळते, मला धूर दिसल्यावर कळतं."

तेजू तिच्याशेजारी खाली बसली. मला का नाही सांगितलंस, असं विचारत होती, आणि विचारता विचारता रडत होती. प्रभानं तिचा हात धरला, पण बघत होती माझ्याकडे.

"ह्यांना माहीत आहे," ती म्हणाली.

खरं होतं ते. श्रावणातच माझ्या लक्षात आलं होतं. तेव्हापासून कढई चढली की मी काहीतरी निमित्त काढून आत जायचो. डबा शोधायला, पाणी प्यायला. वास घ्यायचो, आणि गॅस बारीक करून बाहेर यायचो. मला वाटत होतं, तिला पत्ता नाही.

"गौरीच्या वेळी पुरणाचं पातेलं सांडलं ना, ते ह्यांच्या हातून निसटलं नव्हतं," प्रभा तेजूला सांगत होती. "करपलं होतं. ह्यांनी ते मागच्या दारी नेऊन ओतलं, आणि मला येऊन म्हणाले, माझ्या हातून पडलं, पाहुणे यायच्या आत दुसरं घालू या. मी घासायला घेतलं तेव्हा बुडाशी काळा थर होता. मी काही बोलले नाही. म्हटलं, हे इतकं झाकतायत तर झाकलेलंच राहू दे."

मग तिनं पदर सारखा केला आणि जे सांगायचं होतं ते सांगून टाकलं. "मी परत गेल्यावर खानावळीची पाटी उतरवायचं ठरवलंय. म्हणून तर मीच इकडं येऊ या म्हणाले. ज्या बाईला आपल्या कढईतलं कळत नाही, तिनं पोरांना काय म्हणून वाढायचं."

बाहेर प्रयून कुणाला तरी भात बांधून देत होता, त्याचा आवाज येत होता. पा लमाईनं तेजूला विचारलं, काय चाललंय. तेजूनं डोळे पुसत सगळं सांगितलं, पाटीपर्यंत. मला वाटलं आता ही प्रभाला जवळ घेईल, समजूत काढेल. तसलं तिनं काहीच केलं नाही. ती उठली, एका बशीत चिमूटभर खडेमीठ, ताडगुळाचा खडा आणि लिंबाची फोड घेऊन आली आणि प्रभासमोर उकिडवी बसली.

"ती म्हणतेय, नाक गेलं, ठीक आहे," तेजू सांगू लागली. "जिभेचं काय? जीभ कधी वापरली आहेस का?"

प्रभानं माझ्याकडे बघितलं, मग त्या बशीकडे. मिठाचा एक कण उचलून जिभेवर ठेवला. मग गूळ. मग लिंबाची फोड चोखली, आणि तिचा चेहरा लहान पोरीसारखा आक्रसला.

"आंबट आहे," ती म्हणाली. जरा थांबून पुन्हा म्हणाली, "आंबट कळतंय मला."

आता विचार केला तर ते कुणालाही सुचण्यासारखं होतं. वास गेला की जेवणाचा प्राण जातो, पण खारट, आंबट, गोड जिभेवरच असतं, ते राहतं. पुढे कराडच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं. पण सगळं मातीसारखं लागायला लागल्यावर प्रभानं जिभेकडे लक्ष देणंच सोडलं होतं, आणि त्याआधी रांधताना जिभेचं काम तिला कधी पडलंच नव्हतं.

पा लमाईनं तिला हाताला धरून कढईपाशी नेलं. तेच चिंचेचं कालवण, दुसरा घाणा. तिनं चमचा भरला, फुंकर घातली, आणि ह्या वेळी प्रभाच्या तोंडाशी न नेता तिच्या हातात दिला.

प्रभा चमचा धरून उभी राहिली. तिचे ओठ हलले, देवाला काहीतरी सांगत होती की माझ्या आईला, मला कळलं नाही. मग तिनं चाखलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा, चुलीवर चढलेल्या अन्नातलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती डोळे मिटून जिभेवर ते घोळवत होती, जसं काही अंधारात घरातल्या वस्तू चाचपून बघतेय.

"तिखट आहे," ती सावकाश म्हणाली. "खारट आहे, पुरेसं आहे. गोड मागून येतंय, थोडंसं." पुन्हा चमचा भरला, पुन्हा चाखलं. "आंबट कमी पडतंय, तेजू. तिला सांग, आंबट कमी आहे."

पा लमाईनं स्वतः चाखलं. विचार केला. मग दाराकडे तोंड करून प्रयूनला हाक मारली. तो आला, त्यानं चाखलं, आणि तोच एक शब्द उच्चारला जो सकाळपासून ऐकून ऐकून आता मलाही कळायला लागला होता. आंबट.

पा लमाईनं चिंचेच्या कोळाचा वाडगा प्रभाच्या हातात दिला.

त्या दिवशी प्रभा दुपारपर्यंत तिथून हलली नाही. दहाही पातेली तिनं चाखली. तेजू आणि मी नदीकडच्या ओट्यावर बसून होतो, आणि आतून तिचा आवाज येत होता. खारट. गोड. आंबट. पा लमाईकडून तिनं ते तीन शब्द शिकून घेतले होते आणि आता दुभाष्याशिवाय वाद घालत होती. जेवायला बसलो तेव्हा तिनं कुणाची वाट पाहिली नाही, पहिला चमचा तिनंच घेतला. निघताना पा लमाईनं तिला ताडगुळाची ढेप दिली, आणि प्रभानं वाकून तिला नमस्कार केला. ती बाई इतकी गडबडली की तिनंही तसंच वाकून प्रभाला केला.

परत आल्यावर पाटी उतरली नाही. नैवेद्याचं प्रभानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं. आधी देवाची वाटी भरून बाजूला काढायची, ती चाखायची नाही. मग पळी जिभेला लावायची, आणि पातेल्यात जे कमी-जास्त करायचं ते देवाच्या वाटीतही करायचं. आईचा फोटो समोरच होता. प्रभा म्हणाली, त्यांना मी समजावलंय.

जिभेचं असं मार्गी लागलं. नाकाचं काम माझ्याकडे आलं, आता उघडपणे. कढईत मसाला पडला की आतून हाक यायची, "अहो, या." मी हातातलं टाकून तिच्याशेजारी जाऊन उभा राहायचो. झाला का, ती विचारायची. अजून नाही, मी म्हणायचो. आणि तो कच्चा वास जाऊन खमंग सुटला की सांगायचो, झाला. मग ती पाणी घालायची. आधी पोरं हसायची, की काका रोज फोडणीला हजेरी लावतात. मग त्यांनाही सवय झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वास येईल परत किंवा नाहीही येणार. आम्ही त्याबद्दल बोलायचं सोडून दिलं.

त्याला बरेच दिवस झाले, आणि एका पावसाळ्यात मला दांडगी सर्दी झाली. नाक पुरतं बंद. पण प्रभाला सांगितलं तर ती घाबरेल म्हणून मी बोललो नाही. हाक आल्यावर गेलो, मसाल्याचा रंग बघितला आणि अंदाजानं सांगितलं, झाला.

तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं ओतला नाही. कालथा फिरवत राहिली आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "थोडा कच्चा आहे अजून." मग एका क्षणी गॅस बारीक केला आणि पाणी घातलं.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिचं नाक कधी परत आलं असेल, आणि किती दिवस ती मला उगाच हाका मारत असेल, काही अंदाज लागेना. मी ताटं उचलली आणि बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी सर्दी तशीच होती. कढईत मसाला पडल्याचा आवाज झाला, आणि आतून हाक आली, "अहो, या."

मी गेलो, तिच्या खांद्याशी उभा राहिलो. ती कालथा फिरवत होती.

"झाला का?" तिनं विचारलं.

मला कशाचाही वास येत नव्हता. मी कढईकडे बघितलंच नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तिच्या कपाळावरची आठी सैल होईपर्यंत थांबलो, आणि मग म्हणालो, "झाला."